दारात मागितलेलं वचन

मंत्रालयात माझ्या टेबलावर आलेली प्रत्येक फाईल मी वर्षानुवर्षं एकाच शब्दाने पुढे ढकलत आलो: 'अवलोकनार्थ'. म्हणजे साहेबांनी बघावं, मला काही म्हणायचं नाही. छत्तीसगढचं नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, कचेरी जुन्या शहरातून उठून नवा रायपूर या नव्या शहराच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर गेली, पण माझा शब्द बदलला नाही. स्वतःच्या जन्माची फाईलसुद्धा मी अशीच ढकलत आलो होतो. ती एका सकाळी साडेअकरा वाजता फोनवर परत आली.

फोन पुण्याहून मुलीचा होता.

"पापा, आप बैठे हो ना?"

माझी मुलगी रायपुरात वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

"सरकारी नोकरीतला मानूस बसलेलाच राह्यते. बोल."

"वो टेस्ट में एक मैच आया है, पापा. बहुत क़रीबी. और आप उनको जानते हो."

तिने नाव घेतलं. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. माझ्या मामेबहिणीचं नाव होतं ते, पुढे लग्नानंतरचं अमेरिकेतलं आडनाव. शेजारच्या टेबलावरच्या शर्माजींनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. माझं तोंड तसंच झालं असणार.

त्या नावाने मी एवढा का हादरलो, ते कळायला दोन गोष्टी सांगाव्या लागतील. एक, मी माझ्या आई-बाबांच्या पोटचा नाही. दोन, याच मामेबहिणीशी माझं लग्न होता होता राहिलं होतं.

पहिली गोष्ट मला चौदाव्या वर्षी कळली. आम्ही रेल्वे कॉलनीत राहायचो. बाबा मालधक्क्यावर बाबू होते, मूळचे वर्ध्याकडचे. शेजारणीने आईशी भांडताना काहीतरी बोलून टाकलं, ते मी ऐकलं, आणि त्या संध्याकाळी बाबांनी मला ओट्यावर बसवून सरळ सांगितलं.

"तुले जन्म नाई देल्ला आम्ही. आनलं. पन आनल्यावर एक दिवस परकं ठेवलं नाई, एवढं ध्यानात ठेव."

आई आत भाजी चिरत होती. विळीचा आवाज तेवढा थांबला. आणलं कुठून, तर मामाने. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, शहरातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होता. तिथे आई नसलेलं एक पोर होतं, ते त्याने टॉवेलमध्ये गुंडाळून मूल नसलेल्या बहिणीच्या मांडीवर आणून ठेवलं. पोर कोणाचं, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आई तर त्या विषयाची सावलीसुद्धा अंगावर पडू देत नसे. मग मीही विचारलं नाही. अवलोकनार्थ.

आई-बाबा गेले, मी साठीला टेकलो, तरी विचारलं नसतं. पण मुलीला दिवस गेले आणि डॉक्टरने रक्त तपासलं, तर त्यात सिकलिंग, म्हणजे आई-बापाकडून येणारं सिकलसेल, निघालं. आजार नव्हे, नुसता अंश. आमच्या छत्तीसगढात हा शब्द भाजीवालीलाही माहीत असतो. बायकोचं रक्त तपासलं, ती साफ निघाली. म्हणजे माझ्याकडून आलं. आणि माझ्याकडे कोणाकडून? डॉक्टर मुलीला विचारायचे, आजोबांकडे कोणाला होतं का, आजीकडे कोणाला? ती मला विचारायची. मी काय सांगणार, कपाळ?

शेवटी तिनेच एक डबी मागवली. तिच्यात थुंकून ती कंपनीला परत पाठवायची. जन्मभर इथे-तिथे थुंकणाऱ्यांवर डाफरलो आणि आता स्वतः डबीत थुंकत बसलो होतो. निकाल आल्यावर तिने तो आणखी एका साइटवर चढवला. तिथे जगभरचे लोक आपापलं रक्ताचं नातं शोधत असतात. मला वाटलं होतं, फार तर कोणी लांबचा माणूस सापडेल, त्यालाही काही ठाऊक नसेल, आणि आपण सुटू.

"कितना क़रीबी?" मी विचारलं. घाबरलो की मीही हिंदीत शिरतो.

तिने आकडे सांगितले, ते डोक्यात शिरेनात. मग तिने माझ्या आण्यांच्या हिशेबात सांगितलं. सोळा आणे म्हणजे आपण स्वतः. सख्खी भावंडं असली तर आठ आणे जुळतं. मामे-आतेभावंडं असली तर दोन आणे. मी तर आणलेला, माझं आणि मामेबहिणीचं शून्य जुळायला हवं होतं.

"और निकला?"

"चार आने, पापा."

"म्हणजे?"

ती आयुष्यात पहिल्यांदाच असेल, माझ्याशी मराठीत बोलली. "म्हणजे तुमचे बाबा एक आहेत. नाहीतर आई एक आहे."

मी फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. आई एक असणं शक्य नव्हतं. मामी अमरावतीकडची, लग्न होऊन आली तेव्हा तिने पहिल्यांदा रायपूर पाहिलं, आणि मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. राहिला मामा. जिन्यातून शिपाई वर-खाली करत होते, मला नमस्कार करत होते, आणि मी कठड्याला धरून एकच वाक्य मनात घोकत होतो: मामा माझा बाप आहे. मामा माझा बाप आहे.

आता ती दुसरी गोष्ट.

आपल्याकडे नवरा-नवरी घरात येताना नवऱ्याची बहीण दार अडवते. तुला मुलगी झाली तर माझ्या मुलाला देशील का, असं विचारते. भाऊ 'देतो' म्हणतो, सगळे हसतात, बहीण वाटेतून बाजूला होते. कोणी ते मनावर घेत नाही, पण 'नाही' असंही कोणी कधी म्हणत नाही. मामाची वरात तात्यापाऱ्यातल्या, म्हणजे रायपूरच्या जुन्या मराठी मोहल्ल्यातल्या, घरी आली तेव्हा आईने दोन्ही हातांनी चौकट धरली. तिच्या बांगड्या चौकटीवर वाजल्या. मी तिच्या पदराला धरून पुढेच उभा होतो. मला तो प्रसंग आठवतो की ऐकून ऐकून आठवतोसा वाटतो, सांगता येत नाही. मामाचा चेहरा मात्र नक्की आठवतो. मुंडावळ्यांच्या मागून तो आईकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"देतो म्हन ना रे!" बायका ओरडल्या.

"ताई, दुसरं काही माग," मामा म्हणाला.

"दुसरं काय मागू? मले सून पाह्यजे."

मामाने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि माझ्या हातात ठेवलं. केवढा हशा झाला! पोरगी वाचवली अन् घड्याळ देऊन सुटला, म्हणाले. आईही हसली आणि बाजूला झाली. ते घड्याळ अजून माझ्या कपाटात आहे. बंद पडून जमाना झाला.

आईने मात्र ती गंमत गंमत म्हणून सोडली नाही. मामाला खरंच मुलगी झाली, आणि आईच्या मनात सून ठरून गेली. आणखी एक हिशेब तिच्या मनात होता: बाहेरची मुलगी केली तर पोरगा आणलेला आहे हे सांगावं लागेल, घरच्या घरात कोणाला काय सांगायचं? आणि लपवण्यात अर्थ नाही, मलाही ती आवडायची. कॉलेजात होती तेव्हा पाऊस लागला की मी तिला सायकलवर बूढा तालाबच्या कडेने घरी सोडायचो. मागे बसून ती माझ्या चालवण्यावर टीका करायची. मला वाटायचं, ही जन्मभर अशीच मागे बसून टीका करत राहिली तर काय बहार येईल.

मी सत्तावीसचा होतो. आईने सदर बाजारातून नथ घडवून आणली आणि भाऊबीजेला मामाच्या घरी गेली. मी आणि बाबा बरोबर होतो. ओवाळून झालं, आणि तिने ताटात नथ ठेवून मामापुढे केली.

"मले ओवाळनीत तुही पोरगी दे."

मामाने ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाई देत, ताई."

"काहून? पोट्ट्यात काय खोट आहे?"

मामा खिडकीबाहेर बघू लागला.

"नोकरी आहे, व्यसन नाई, तुह्या डोयासमोर वाढला. मंग काहून?"

तेव्हा आईने तो शब्द उच्चारला, जो तिने सत्तावीस वर्षांत स्वतःच्या घरातही उच्चारला नव्हता.

"आनलेला आहे म्हनून?"

मामाने मान खाली घातली. आम्ही सगळ्यांनी त्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ 'हो' असा घेतला. पडद्यामागे मामेबहीण होती, तिनेही तोच घेतला. ज्याने मला टॉवेलमध्ये आणलं तोच मला रस्त्यावरचा समजतो, हे माझ्या काळजात खिळ्यासारखं बसलं.

त्यानंतर आईने भावाला कधी ओवाळलं नाही. मागच्या सगळ्या गोष्टी उकरून निघाल्या. छत्तीसगढात मामा भाच्याच्या पाया पडतो. रामाचं आजोळ इथलं, म्हणून प्रत्येक भाचा राम. तात्यापाऱ्यातल्या मराठी मामांनीही तो रिवाज उचलला होता. आमचा मामा माझ्या पाया कधी पडला नाही. "आपन वऱ्हाडातले, आपल्यात नाई," म्हणायचा. पण चुलत बहिणीच्या पोराच्या पाया पडताना आईने त्याला पाहिलं होतं. "तवाच समजाले पाह्यजे होतं," आई म्हणाली. "माह्या लेकराले तो भाचाच मानत नाई."

माझं लग्न दुसरीकडे झालं. बोहल्यावर माझ्या मागे मामाने उभं राहायचं असतं, तिथे मी आईच्या चुलतभावाला उभं केलं. मामा मांडवाच्या दाराशी आला होता, अक्षता टाकून न जेवता गेला. लहानपणी मी त्याला 'तू' म्हणायचो, भाऊबीजेनंतर 'तुम्ही' म्हणू लागलो, आणि त्या 'तुम्ही'त आदर नव्हता. बाबा गेले तेव्हा त्याने खांदा दिला, मी अडवलं नाही. पण आई गेली तेव्हा तो तिरडीकडे वळला आणि मी चारचौघांत म्हणालो, "तुम्ही राहू द्या." तो राहिला मागे. मला तेव्हा बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं होतं.

जिन्यात उभं राहून हे सगळं माझ्यावर एकदम कोसळलं. ज्या मुलीला मी सायकलवर बसवून संसाराची चित्रं रंगवली ती माझी बहीण होती. आणि ज्या माणसाने ते होऊ दिलं नाही, त्याला मी तीस वर्षं शिव्या दिल्या.

तेवढ्यात मामेबहिणीचा निरोप आला. तिच्या मुलांनी तिला वाढदिवसाला तीच डबी भेट दिली होती. 'हे काय आहे? तुलाही दिसतंय का? बाबांना मी विचारू?' ती लग्नानंतर वडिलांशी कामापुरतंच बोलते, असं मी ऐकून होतो. कारण तेच असणार, ती भाऊबीज. मी लिहिलं, 'नको. मी विचारतो.' लिहून झाल्यावर माझेच शब्द मी पुन्हा वाचले. मी विचारतो, असं मी कधी कोणाला म्हणालो होतो?

अर्धी रजा टाकली आणि तात्यापाऱ्यात गेलो. दार तेच, चौकटीला रंग नवा. मामी दोन वर्षांपूर्वी गेली, आता सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक करून जाते. मामा दिवाणावर बसून मटार सोलत होता. ऐंशी पार झालेला माणूस, दाणे ताटलीबाहेर जात होते. मी का आलो, असं त्याने विचारलं नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. डबी, अमेरिका, चार आणे. सांगताना माझा आवाज चढत गेला. मामाने ताटली बाजूला ठेवली.

"तू एक ना एक दिवस येशील, हे ठाऊक होतं," तो म्हणाला. "मशीन सांगन, असं नव्हतं वाटलं."

"म्हणजे खरं आहे?"

"हव."

इतकंच. साठ वर्षांचं कुलूप एका 'हव'ने उघडलं. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो.

तो सांगत गेला, तुटक तुटक. ती त्याच दवाखान्यात शिकाऊ नर्स होती. इथलीच, छत्तीसगढी घरची. लग्न करायचं ठरलं होतं. "घरी सांगाची हिंमत गोळा करून राहिलो होतो. हिंमत गोळा होईपर्यंत ती गेली. तू नऊ दिवसाचा होता." तिचं अंग सारखं दुखायचं, डोळे पिवळे दिसायचे. तेव्हा त्याला कोणी नाव दिलं नव्हतं. पुढे कंपाउंडरकी करता करता तसेच रोगी पाहिले, तेव्हा त्याला उमगलं.

"अन् आईले काहून नाई सांगितलं?"

"सांगनारच होतो. तुले तिच्या मांडीवर ठेवलं अन् तोंड उघडलं, त तिनं माहा हात घेतला अन् आपल्या डोक्शावर ठेवला. म्हने, शपथ घे, हा कोनाचा ते मले कधीच सांगू नको. समजलं त मी जन्मभर दाराकडे पाहत बसन, याले कोन न्याले येते म्हनून." मामाने नाक पुसलं. "घेतली शपथ. पाच सालानं तिनंच दार अडवलं. 'देतो' म्हनलो असतो, त लोक हसून मोकये झाले असते. पन तू समोर उभा होता."

"अन् भाऊबीजेले? तिनं तुमच्या तोंडावर इचारलं, आनलेला आहे म्हनून का. नाई म्हनाचं होतं!"

"नाई म्हनलो असतो त मंग खरं काय, ते सांगा लागलं असतं."

आईच्या डोक्यावरच्या हाताची शपथ त्याने आईच्याच शिव्या खात पाळली होती. ती गेल्यावरही पाळली. मला त्याचा राग येत होता, फार येत होता, आणि राग ठेवायला आता जागाच उरली नव्हती. तरी मी शेवटचं ओरडलो.

"तिची शपथ होती, माझी कोनती होती? मले काहून नाई सांगितलं?"

मामाने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"तू इचारलं का कधी?"

बाहेरून एक फेरीवाला ओरडत गेला. मी जमिनीवरचे मटारचे दाणे वेचून ताटलीत टाकत बसलो, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"तिले सांगू?" मी विचारलं. कोणाला, ते बोलावं लागलं नाही.

"सांग. लय वर्षं झाली, माह्याशी धड बोलत नाई पोरगी."

"अन् मी आता तुले काय म्हनू?"

'तू' कसा निघाला, मलाच कळलं नाही. त्याला कळला.

"मामाच म्हन. बाप त तुहा गेला. मी खांदा देल्ला ना त्याले."

आईला मी देऊ दिला नव्हता, ते तो बोलला नाही. जायला उठलो तेव्हा तोही काठी घेऊन दारापर्यंत आला, त्याच चौकटीपर्यंत. मी वाकलो. इथे भाचा असा वाकू लागला की मामा झटकन मागे सरतो, भाच्याकडून पाया पडून घेतले तर पाप लागतं म्हणतो. मी त्याच्या पायांवर हात ठेवले.

मामाने पाय मागे घेतले नाहीत.